तिन्हीसांज : घड्याळाची आणि सूर्याची

आपल्या बोलण्यात आता 'संध्याकाळ' हा एकच शब्द उरत चालला आहे. मराठीने मात्र या वेळेचे बारकावे टिपले आहेत. रानातून परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी धूळ उडते, ती गोरज वेळ. उजेड आणि काळोख एकमेकांत मिसळतात, ती तिन्हीसांज. त्याच वेळी मनाला हुरहुर लागते, म्हणून ती कातरवेळ. देवापुढे व तुळशीपुढे दिवा लागतो, ती दिवेलागण.

हे सारे शब्द सूर्याकडे पाहून बोलायचे आहेत. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते. डिचोली सुमारे 74 अंशांवर आहे. एका अंशाला 4 मिनिटे, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 34 मिनिटे मागे असतो. शिवाय ऋतूनुसार सूर्यास्त सरकतो. नोव्हेंबरअखेरीस तो सहाच्या सुमारास होतो, तर जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. रोज सातला दिवा लावला, तर थंडीत तिन्हीसांज केव्हाच सरलेली असते आणि आषाढात ती यायची असते.

आपल्याकडे संधिप्रकाशही थोडाच वेळ टिकतो. सूर्यास्तानंतर साधारण 22 मिनिटांत, म्हणजे जेमतेम एका घटकेत, बाहेरचे नीट दिसेनासे होते. लंडनला जूनमध्ये हाच उजेड पाऊण तास रेंगाळतो. म्हणून आपल्याकडे ही वेळ घरी परतण्याची, हातातले काम बाजूला ठेवण्याची.

याच वेळी मुले 'शुभंकरोति' म्हणत आणि मग परवचा : तिथी, वार, महिने, नक्षत्रे, पाढे, पावकी, निमकी. समईच्या मंद उजेडात वाचणे कठीण. पाठांतराला मात्र उजेड लागत नाही. सगळे घर एका ठिकाणी असल्याने मोठ्यांचे ऐकून धाकटी मुले शिकत. पावकी-निमकीची गरज आज उरली नाही. एकत्र बसण्याची आहे.

गोव्यात तुळशीचे लग्नही सांजवेळीच लागते. ऊस, आवळा आणि चिंचेच्या फांद्यांनी सजलेल्या वृंदावनाभोवती शेजारपाजारही जमतो. वर्षातून एकदा तरी सारे अंगण दिवेलागणीला भरते.

सदस्य कुटुंबांना एक सुचवावेसे वाटते. आठवड्यातून एक दिवस सूर्यास्ताची वेळ पाहून दिवा लावावा. पंचांगातला सूर्यास्त कोणत्या गावचा आहे, तेही पाहावे. ती वेळ मुलांनाच शोधू द्यावी आणि त्या घटकेपुरते टीव्ही व मोबाईल बंद ठेवावेत. परदेशी राहणाऱ्या काहींकडे उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्यांनी जेवणाआधीची वेळ धरली तरी चालेल. दिवा लावताना 'तिन्हीसांज झाली' हे शब्द मुलांच्या कानावर पडले, तरच ते पुढे त्यांच्या तोंडी येतील.