विश्लेषण : दूरच्या राउटरची तपासणी आपोआप कशी होते? ‘लॉग’ का महत्त्वाचा?

भंडारा : कोसा विणकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या मोहाडी तालुक्यातील आंधळगावसारख्या गावांतही आता अनेक दाखले ऑनलाइन निघतात. रात्री इंटरनेट गेले आणि सकाळी केंद्रावर रांग लागली, की पहिला प्रश्न येतो : बिघाड नेमका कधी झाला? समजा, गावातील राउटर सांभाळणारा अभियंता भंडाऱ्यात बसतो. दर तासाला स्वतः लॉगिन करून पाहणे त्याला शक्य नाही. हे काम स्क्रिप्टवर सोपवता येते.

रिमोट टर्मिनल म्हणजे काय?
आपल्या संगणकावरून दूरच्या यंत्राला आज्ञा द्यायची आणि त्याचे उत्तर इथेच वाचायचे. पूर्वी यासाठी ‘टेलनेट’ वापरत. त्यात पासवर्डही उघडाच जात असे. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये सुरक्षित ‘एसएसएच’ तयार केले.

आपोआप कसे होते?
‘क्रॉन’ ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करतो. स्क्रिप्ट राउटरला जोडते, आज्ञा देते आणि आलेले उत्तर तारीख-वेळेसह फाइलमध्ये लिहिते. हीच फाइल म्हणजे लॉग. पासवर्ड विचारणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेतील डॉन लाइब्स यांनी १९९० मध्ये आणलेले ‘एक्स्पेक्ट’ कामी येते. पण मग पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिला जातो आणि फाइल उघडणाऱ्याला तो दिसतो. त्यापेक्षा ‘एसएसएच की’ बरी : खासगी किल्ली अभियंत्याकडे, सार्वजनिक किल्ली राउटरवर.

स्क्रिप्ट फसते कुठे?
• वेळमर्यादा दिली नसेल, तर जोडणीची वाट पाहत ती अडकून राहते.
• जोडणी फसली तर एसएसएच २५५ हा संकेत देते. मात्र उत्तर ‘टी’ या आज्ञेतून फाइलकडे वळवले, की शेलला ‘टी’चाच निकाल दिसतो आणि बिघाड झाकला जातो. ‘बॅश’मध्ये त्यासाठी ‘पाइपफेल’ सुरू ठेवावे लागते.
• यंत्राची ओळख बदलल्याचा इशारा आला, तर स्क्रिप्ट थांबलीच पाहिजे. काम अडू नये म्हणून ही तपासणी बंद करणे म्हणजे अनोळखी यंत्राला दार उघडणे.

लॉग किती दिवस ठेवायचा?
‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व सरकारी संस्थांना लॉग १८० दिवस जपावे लागतात. यंत्रांची घड्याळेही प्रमाणवेळेशी जुळवावी लागतात. वेळ चुकीची असेल, तर नोंदीचा उपयोग उरत नाही.

गावाला फायदा काय?
लॉगमध्ये २ वाजता राउटर सुरू आणि ३ वाजता ‘जोडणी झाली नाही’ अशी नोंद असेल, तर बिघाड त्या तासातला. त्याच वेळी वीज गेली होती का, हे ताडून पाहता येते. वीज सुरू असेल, तर पुढचा शोध केबल आणि राउटरचा. मात्र स्क्रिप्टने अपयशही लिहिले पाहिजे. रिकामी फाइल म्हणजे ‘सगळे ठीक’ नव्हे.