सहा मोटरी आणि एक हट्टी विमान

काळ्या जमिनीत लोखंडी नांगराला सहा-सहा बैल जुंपीत, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्यांतला एक बसला की तास वाकडे गेलेच! रेडिओवर चालणाऱ्या अनेक इंजिनांच्या विमानांचेही तसेच. एका पंखावरची मोटर थांबली, की दुसऱ्या बाजूचा जोर विमानाचे नाक फिरवून टाकतो.

पूर्वी या छोट्या विमानांची इंजिने मेथॅनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालत. तशी सहा इंजिने एका सुरात आणणे म्हणजे सहा रडकी पोरे एकदम निजविणे! आता विजेच्या मोटरी आल्या आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही हा छंद आवाक्यात आला.

मी निवडले ते विमान मात्र मुलखाचे हट्टी. इंग्लंडातल्या टॅरंट नावाच्या इमारत-ठेकेदाराने पहिल्या महायुद्धात बर्लिनवर बाँब टाकण्यासाठी 'टेबर' हे लाकडी विमान योजिले. एकावर एक तीन पंख, रुंदी 40 मीटर, इंजिने सहा: चार खाली, दोन पार वर. ते तयार होईतो युद्ध संपले. 26 मे 1919 रोजी फार्नबरो येथे ते प्रथमच धावले. वरची दोन इंजिने पूर्ण जोराने सोडताच शेपूट उचलली गेली, नाक जमिनीत रुतले आणि दोघे वैमानिक प्राणास मुकले.

"असले अपशकुनी विमान कशाला बनविता?" असे मला विचारतात. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातल्या फुलसावंगीची आठवण देतो. तिथल्या एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणाने मोटारीचे इंजिन बसवून स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर उभे केले. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना पंख्याचे पाते तुटले आणि डोक्याला मार लागून तो गेला. हाताला केवढे कसब! यंत्रात न बसता ते दुरून चालवून पाहण्याची सोय त्याला असती तर? रेडिओ-नियंत्रणाचा मला वाटणारा खरा उपयोग हा आहे. बाकी सारी हौस.

माझा टेबर मूळच्या एक-षोडशांश, म्हणजे रुंदीला अडीच मीटर. लांबी सोळा पटींनी घटली की वजन 4,096 पटींनी घटते. वीस टनांचे पाच किलो होतात. चाकांपुढे विटा लावून मी शेपूट वजनकाट्यावर टेकविली. खालच्या चार मोटरी चालविल्या, आकडा थोडा उतरला. वरच्या दोन सोडल्या आणि आकडा शून्यावर! जोर जितका उंचावरून, तितकी नाक खाली दाबण्याची ओढ अधिक. वेग नसताना शेपटीवरून वारा वाहत नाही. मग तिने ती ओढ आवरावी कशी?

म्हणून वरच्या मोटरींना मी निराळा दांडा दिला आहे. कापूस निघाल्यावर मोकळ्या शेतातली वाट दाबून घेतली. पहाटे वारा पडलेला असताना, पंख्यांच्या मागे दहा पावले उभा राहून, आधी खालच्या चार मोटरींवर विमान धावू देतो. शेपूट ऐकू लागली की वरच्या दोन हळूहळू. चाके जमीन सोडतात, विमान घराच्या कौलांइतके वर जाते आणि शेताच्या टोकाला उतरते. वरचा दांडा अजून निम्म्यापुढे गेलेला नाही.