तबकडीवरचा भार

कॅसेट आली आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतल्या तबकड्या माळ्यावर गेल्या. सेलूच्या आमच्या घरातल्या गेल्या वर्षी मी खाली काढल्या. निम्म्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. अब्दुल करीम खाँसाहेबांना अख्खा राग तेवढ्यातच मांडावा लागला. ३३⅓ फेऱ्यांची एल.पी. अमेरिकेत १९४८ साली निघाली, तेव्हा कुठे गाणाऱ्याला वीसेक मिनिटे मिळाली.

वडिलांच्या जुन्या प्लेअरची सुई चार-पाच ग्रॅमचा भार टाकी. खाचा झिजतात त्या अशाच भाराने आणि बोथट सुईने. म्हणून मोठ्या स्पीकरचा मोह टाळून मी पैसा घातला तो चुंबकीय कार्ट्रिजच्या टर्नटेबलात. भार दोन ग्रॅमच्या आसपास. त्याचा आवाज मुळात क्षीण, त्यामुळे फोनो प्रीअँप्लिफायर लागतोच. लाखेच्या तबकडीची खाच रुंद. तिला जाड सुई वेगळी घ्यावी लागते.

आईची गाणी आता मोबाईलवरही मिळतात. पण तिने जपलेली तबकडी एकच, आणि दर वेळी ती कणभर झिजतेच. तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर पत्र्याच्या उन्हातून काढा, उभ्या ठेवा. आधी सुई बदला, मग ऐका.