कमरेला काय बांधलंय?

टेक चालू होता. सीनमध्ये आई गेलेली, मुलगी तिच्या फोटोसमोर बसलेली. सेटवर इतकी शांतता की पंख्याचं बटण बंद केलेलंही जाणवावं. आणि तेवढ्यात ‘खर्रर्र’. हा आवाज माझ्या पाउचच्या वेल्क्रोचा होता. मला फक्त मार्कर काढायचा होता हो! ‘कट’ झालं, चाळीसेक माना माझ्याकडे वळल्या आणि त्या नटीला परत सगळं रडावं लागलं.

ही गोष्ट नायगावमधल्या एका सेटवरची. तुम्ही वसई-विरारमध्ये राहत असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. नायगाव पूर्वेला गेल्या काही वर्षांत सिरियलींचे इतके सेट उभे राहिलेत की ज्या घरात टीव्हीवर रोज सासू-सुनेचं भांडण होतं, ते घर आपल्या स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर असतं. शिवाय वसईचा किल्ला आहेच. कोल्डप्लेचं २०१६ मध्ये आलेलं गाजलेलं गाणं आठवतंय? त्यातही आपला किल्ला दिसतो. त्यामुळे मास मीडियाची, बीएमएमची किंवा नुसतीच ‘काहीतरी क्रिएटिव्ह करायचंय’ वाली मंडळी सुट्टीत पहिलं काम शोधतात ते इथेच. कोणी असिस्टंट म्हणून, कोणी आर्टमध्ये, कोणी कॅमेऱ्याला, तर कोणी लाइटला. जाण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, ‘घालू काय?’ माझं म्हणणं असं की कपडे काहीही घाला, कमरेला काय बांधताय त्याचा विचार आधी करा.

मी केला नव्हता. मी ऑनलाइन सगळ्यात भारी दिसणारा पाउच मागवला. अकरा कप्पे, दोन कड्या, हातोडी अडकवायला लोखंडी लूप, कडेला चमकणारी पट्टी. रात्रीच्या सीनला लाइटसमोरून गेले तेव्हा ती पट्टी ट्यूबलाइटसारखी पेटली. कॅमेरामन काही बोलले नाहीत, फक्त काळी टेप पुढे केली. तर पहिली गोष्ट ही, की पाउच काळा हवा, मंद काळा. चमकणारं बक्कल, पट्टी, कंपनीचा पांढरा लोगो, सगळं झाकायचं. सेटवरचे लोक काळे कपडे का घालतात, त्याचंही उत्तर यातच आहे. काचेत, गाडीच्या बॉनेटवर, नटाच्या चष्म्यात आपण दिसायचं नसतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. लाइव्ह साउंड असेल तर वेल्क्रो विसरा. टिचबटण बरं, पण त्याचाही ‘टिच’ होतोच. सगळ्यात चांगला उघडा खोल कप्पा, वरून इलॅस्टिकची पट्टी. एक टेस्ट घरीच करा. पाउच भरा, बांधा, टेबलवर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि त्याच्या बाजूने दहा फेऱ्या मारा. मग ऐका. माझ्या पाउचमधून बैल चालल्यासारखा घुंगरांचा आवाज आला होता. पाने एकमेकांवर आपटत होते. दोघांच्या मधे जुन्या टी-शर्टची चिंधी कोंबली आणि बैल थांबला.

आता आत काय ठेवायचं? इथे बहुतेक नवे लोक चुकतात, कारण आपण पाउच बघून सामान भरतो. खरं तर सामान बघून पाउच घ्यायचा असतो, आणि सामान ठरतं डिपार्टमेंटवरून. कॅमेऱ्याला असाल तर लेन्सचं कापड, ब्लोअर, मार्कर, खडू, मेजरिंग टेप, रंगीत टेपचे तुकडे आणि एक चपटा स्क्रूड्रायव्हर. ट्रायपॉडच्या प्लेटला पाव इंची किंवा तीन अष्टमांश इंची स्क्रू असतो, तो ऐनवेळी ढिला होतोच. हे सगळं हलकं सामान आहे, त्याला दोन-तीन कप्प्यांचा छोटा पाउच पुष्कळ झाला. आर्टवाल्यांचं जग वेगळं. कटर, हातोडी, खिळे, दुहेरी चिकटणारी टेप, सुतळी, बाइंडिंग वायर. त्यांना खालचा तळ जाड लागतो, नाहीतर कटरचं पातं दोन दिवसांत कापडातून बाहेर येतं आणि मांडीला भेटतं. कॉस्च्युमला सेफ्टी पिना आणि सुई-दोरा, त्यांचं काम खिशातही भागतं.

लाइटवाल्यांचा पाउच मात्र नीट बघण्यासारखा असतो. पक्कड, टेस्टर, स्क्रू-पाना, हातमोजे, आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. हो, तेच. लाइटसमोर जिलेटिन किंवा ट्रेसिंग पेपर लावायला ते लागतात. पण प्लॅस्टिकचे नाहीत, लाकडी. टंगस्टनचा लाइट इतका तापतो की प्लॅस्टिकचा चिमटा मऊ होऊन पडतो. एलईडी आले तसे हे कमी झालं, पण जुने लाइट अजून निघतात आणि ते तापलेले आहेत की नाही हे हात लावून बघायचं नसतं. त्यासाठी मोजे. कापडी किंवा चामड्याचे, रबराचे नाहीत. आणि पक्कड घेताना मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं बघून घ्या. नुसती लाल-पिवळी मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे, तो रंगही असू शकतो. अर्थात अशी पक्कड असली तरी चालू लाइनला हात घालायचं काम इंटर्नचं नाही, ते आधीच सांगते.

आता जे सांगायचं टाळत होते ते. वेल्क्रोच्या दुसऱ्या दिवशी मी शिडीवर चढले होते. वर लाइट बांधायला लाकडी फळ्यांचा तराफा असतो, तिथल्या दादांना टेप द्यायचा होता. अकरा कप्पे होते म्हणून मी अकराही भरले होते, दोन पकडी, एक मोठा पाना, सगळं. वर हात केला, कंबर वाकली आणि एक पक्कड निसटून खाली गेली. खाली एक लाइटदादा केबल गुंडाळत बसले होते. त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर ती फरशीवर आपटली. त्यांनी वर बघितलं, पक्कड उचलली, फरशीचा उडालेला टवका दाखवला. ओरडले नाहीत. शिडीवरून उतरल्यावर फक्त म्हणाले, ‘पोरी, वर जाताना रिकामी जायचं. जे लागेल ते एक, तेही दोरीने बांधून.’

त्यानंतर बराच वेळ माझे हात थरथरत होते. आजही तो टवका आठवला की पोटात गोळा येतो. म्हणून आपण ‘टूल पडणं’ हा किरकोळ गोंधळ मानू नका. उंचावर जाणार असाल तर प्रत्येक वस्तूला दोरी किंवा स्प्रिंगची वायर हवी, तिचं दुसरं टोक पट्ट्याला. नसेल तर ती वस्तू खाली ठेवा. आणि घरी दुसरी टेस्ट करा. पाउच भरून बांधा, पलंगासमोर उभे राहा आणि पायाच्या अंगठ्याला हात लावा. जे पलंगावर पडेल ते सेटवर कुणाच्या तरी डोक्यात पडणार आहे. कपड्यांची घडी घालता घालता आईने हे बघितलं आणि मी योगा सुरू केला असं तिला वाटलं.

वजनाबद्दल थोडं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलोय. दोन बाटल्या पिशवीत घालून कमरेला बांधा आणि आपल्या सोसायटीचे चार मजले दोनदा चढा. शिफ्ट बारा-बारा तासांची असते, तेव्हा काय होईल याचा अंदाज येईल. पट्टा दोन इंच रुंद असेल तर तो टोचत नाही, वजन पोटावर न येता कमरेच्या हाडांवर बसतं. अर्धं सामान डावीकडे, अर्धं उजवीकडे. बरोब्बर पाठीच्या मधे काहीही कडक ठेवू नका. पाय घसरून पाठीवर पडलात तर तो पाना थेट मणक्यात.

मुलींसाठी एक वेगळी अडचण आहे आणि ती कुठल्याच जाहिरातीत नसते. हे पट्टे बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा एखादा धिप्पाड माणूस असतो. माझा पट्टा शेवटच्या भोकातही कमरेवरून घसरत होता. चांभारकाकांकडून तीन भोकं वाढवून घेतली. लेगिंग्ज किंवा लूप नसलेल्या पँटवर पट्टा टिकत नाही, तेव्हा जीन्स किंवा कार्गो. आणि एक छोटा कप्पा सॅनिटरी पॅडसाठी राखा. व्हॅनिटी व्हॅन नटांसाठी असते आणि आपली बॅग कुठल्या खोलीत पडली आहे ते ऐनवेळी कुणालाच माहीत नसतं.

आता आपल्याकडची हवा. चामड्याचा पाउच दिसतो झकास, टिकतोही, पण वसईच्या पावसाळ्यात चार दिवस ओला राहिला की बुरशी धरतो. भुईगाव, कळंब, अर्नाळा, कुठल्याही किनाऱ्यावर शूट असेल तर चेनवाला पाउच नेऊ नका. वाळू चेनच्या दातांत बसते आणि खारी हवा उरलेलं काम करते. संध्याकाळी घरी आल्यावर पाउच उलटा करून झटका, पक्कड आणि कटर पुसून तेलाचा हात फिरवा. किल्ल्यात असाल तर हातोडी-खिळे घरीच. तो संरक्षित स्मारक आहे, शूटिंगला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि भिंतीत खिळा ठोकणं हा गुन्हा आहे. तिथे क्लॅम्प, दोरी आणि वाळूच्या पिशव्यांवर भागवायचं असतं.

आणि लोकल! विरार फास्टमध्ये भरलेला पाउच कमरेला बांधून चढण्याचा विचारही करू नका. एक तर तुम्ही अडकाल, नाहीतर दुसऱ्याच्या ओढणीत तुमची कडी अडकेल. पाउच बॅगेत, कटरचं पातं आत, आणि बांधायचा तो सेटवर पोहोचल्यावर. बक्कल दाबलं की सुटणारं घ्या, सेटवर केबलमध्ये अडकलात तरी एका हाताने सुटता येतं.

तसं बघितलं तर कमरेला हत्यार बांधून उंचावर चढणं आपल्या भागाला नवं नाही. ताडावर चढणारे आपल्याकडचे लोक कमरेला मागे आकडी बांधतात, तिच्यात कोयता अडकवलेला असतो. एकच कोयता. दोन्ही हात झाडाला मोकळे. मी लहानपणापासून हे बघत आलेय आणि तरीही अकरा कप्पे विकत घेतले.

खरेदीसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची दुकानं आहेत, लोहार चाळीत इलेक्ट्रिकचं सामान. तिथे जाऊन हातात घेऊन बघा. कोपऱ्यांची शिवण दुहेरी आहे का, रिबिटं हलतात का, कप्प्यात तुमची पक्कड मुठीपर्यंत जाते का. पण मी शेवटी तिथून घेतला नाही. आमच्या स्टेशनजवळ रिक्षांचे हूड आणि सीटं शिवणारे एक काका बसतात. त्यांच्याकडे काळं जाड कॅनव्हास होतं. मी वहीच्या पानावर चित्र काढून नेलं. तीन कप्पे, तळाला रेक्झिनचा दुहेरी थर, वर इलॅस्टिक, वेल्क्रो नाही. त्यांनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, ‘वायरमन आहेस का?’ तासाभरात शिवून दिला. साडेतीनशे रुपये, दोरी अडकवायच्या कडीचे वीस वेगळे.

पुढच्या आठवड्यात तोच सेट, तेच लाइटदादा. त्यांनी पाउच हातात घेतला, उलटा केला, कप्पे मोजले. मग दोरी ओढून बघितली आणि त्यांच्या पाउचमधले दोन लाकडी चिमटे काढून माझ्या पाउचला लावले.