दोन पट्ट्यांमधला सूर

श्रीरामपूरच्या पंचक्रोशीत भजनाला बसलं की पेटीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बुवा, पट्टी कोणती?" उत्तर येतं, "काळी दोन" किंवा "पांढरी चार". बाईंचा गळा असेल तर "काळी चार". मग वीणेकरी तार पिळून घेतो, मृदंगवाला पुडी ठोकून चढवतो आणि सगळ्यांचा सा एक होतो. पेटी तेवढी जागची हलत नाही. तिचे सूर कानशीने घासून एकदाच बसवलेले असतात. पट्टी बदलायची म्हणजे दुसऱ्या जागेवरून सुरुवात करायची, एवढंच तिच्या हातात असतं.

इथला वादक वर्षभरात दोन जगांत वावरतो. एक जग हरिपाठाचं आणि सप्ताहाचं. गोदावरीतल्या सराला बेटाची गंगागिरी महाराजांची सप्ताहाची परंपरा पावणेदोनशे वर्षांच्या घरातली आहे. दुसरं जग लग्नसराईचं: बँड, बेंजो, ऑक्टोपॅड आणि 'कॅसिओ', मग तो कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो. त्या कीबोर्डात शेकडो तयार आवाज असतात. बटण दाबलं की सनई, पुन्हा दाबलं की सतार. हे आवाज कुणीतरी वाजवून, ध्वनिमुद्रित करून आत भरून ठेवलेले असतात. वादक ते फक्त बाहेर काढतो.

ॲनालॉग सिंथेसायझरची जात वेगळी. त्यात भरून ठेवलेलं काहीच नसतं. वीज स्वतःच थरथरते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. 1980च्या दशकात डिजिटल वाद्यांनी त्याला बाजूला सारलं होतं. गेल्या दहा वर्षांत तो पुन्हा घडू लागला आहे. 2016 साली कॉर्ग कंपनीचा मिनिलॉग आला, त्याच वर्षी मूग कंपनीने आपला जुना मिनिमूग पुन्हा बनवायला घेतला, आणि त्यानंतर किमतीही उतरल्या. जगभरचे वादक नव्या यंत्राकडून काय हवं याच्या याद्या करतात: जास्त आवाज, जास्त खुंट्या, मोठी स्मृती. आपल्याकडच्या पेटीवाल्याने, भजनी मंडळातल्या आणि बँडमधल्या वादकाने काय मागावं? माझं उत्तर असं की त्याने दोन पट्ट्यांमधली जागा मागावी. ती या यंत्राच्या पोटात आधीपासूनच आहे. बाहेर येण्याची वाट तेवढी बंद आहे.

विजेचा सूर

या यंत्राचे मुख्य भाग तीन. ऑसिलेटर सूर निर्माण करतो. फिल्टर त्या सुरातले वरचे स्वरांश कापतो किंवा उठावदार करतो. ॲम्प्लिफायर आवाजाचा चढउतार सांभाळतो. तिघांनाही हुकूम मिळतो तो व्होल्टेजच्या रूपात. रॉबर्ट मूग यांनी 1960च्या दशकात रूढ केलेलं माप सोपं आहे: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. सप्तकात बारा स्वर, म्हणून एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर सुमारे 83 मिलिव्होल्ट.

या 83 मिलिव्होल्टच्या मध्ये कुठेही भिंत नाही. व्होल्टेज 10 वर थांबवा, 40 वर थांबवा, हळूहळू सरकवा, ऑसिलेटर प्रत्येक ठिकाणी गातो. सूर बारा खणांत कोंबतो तो कीबोर्ड. वीज खण मानत नाही.

आपल्या संगीतासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. सप्तकाचे 1200 भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर हा गंधार 386व्या भागावर येतो. पेटीचा गंधार 400वर असतो. हे 14 सेंटचं अंतर कानाला टोचतं, आणि गायक तंबोऱ्याचं ऐकतो की पेटीचं, हा पेच तिथे उभा राहतो. कोमल गंधाराची गोष्ट उलटी: पेटीवर तो 300वर आहे, षड्जाशी मिळून येणारा 316वर. ॲनालॉग यंत्रात शुद्ध गंधार जागेवर आणायला जेमतेम साडेअकरा मिलिव्होल्ट कमी करावे लागतात.

सांगलीपासूनची मागणी

ही तक्रार जुनी आहे आणि ती महाराष्ट्राने फार गांभीर्याने घेतली. डेप्युटी कलेक्टर असलेल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजमापं केली, त्यासाठी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचं साहाय्य घेतलं आणि 1910 साली पुस्तक प्रसिद्ध केलं. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटी घडवून घेण्याचा प्रयत्नही केला. पुढे 1940 ते 1971 आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, त्यामागेही हाच आक्षेप होता: तिला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, येत नाही, तिच्या श्रुती आपल्या नाहीत.

वादक मात्र थांबले नाहीत. पंडित मनोहर चिमोटे यांनी पेटीत बदल करून तिला 'संवादिनी' म्हणून एकलवादनाचं वाद्य केलं. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. गणितात डॉक्टरेट मिळवलेले डॉ. अरविंद थत्ते यांच्यासारखे वादक या स्वरांकडे कानाने आणि आकड्याने, दोन्ही बाजूंनी पाहत आले. पितळी स्वरपट्टीतून जेवढं काढता येईल तेवढं या लोकांनी काढलं. पण स्वरपट्टी एकदा घासली की तिचा सूर कायमचा. मींड तिच्यात मावत नाही.

डावा हात

1970 साली मिनिमूग आला तेव्हा त्यात तीन ऑसिलेटर होते, पण एका वेळी एकच स्वर वाजायचा. पाश्चात्त्य वादकाला ही अडचण वाटली, कारण त्याला एकत्र तीन-चार स्वर दाबायचे असतात. गायकाच्या मागे जाणाऱ्या वादकाला ती अडचण नाही. गळ्यातून एका वेळी एकच स्वर निघतो.

मिनिमूगमधली मोलाची गोष्ट पट्ट्यांच्या डावीकडे होती: दोन चाकं. एक सूर वरखाली वाकवण्यासाठी, दुसरं त्यात कंप घालण्यासाठी. उजवा हात स्वर निवडणार, डावा त्यात जीव घालणार. पियानोवाल्याला हे नव्याने शिकावं लागलं. पेटीवाल्याचा डावा हात पहिल्या दिवसापासून भात्यावर असतो. शब्दाला दम कुठे द्यायचा, श्वास कुठे सोडायचा, हे त्या हाताला पाठ असतं. कीबोर्डवर बसताच तोच हात रिकामा होतो, आणि म्हणून पेटीवर रडवणारा वादक कीबोर्डवर कोरडा वाटतो. नव्या यंत्राकडे पहिली मागणी इथूनच निघते: डाव्या हाताला भात्यासारखं काहीतरी द्या. दाब वाढला की आवाज भरेल, फिल्टर उघडेल, दाब सुटला की स्वर श्वासासारखा ओसरेल.

मुंबईत जे घडलं

आपल्या देशात हे यंत्र लवकर आलं. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगची यंत्रणा उभी केली. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा काहींनी तिच्यावर काम केलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूग आणणाऱ्यांत केरसी लॉर्ड यांचं नाव आघाडीचं.

पण रागाचा प्रश्न थेट यंत्रापुढे ठेवला तो चरणजीत सिंग यांनी. चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या वादकाने 1982 साली रोलँडची तीन यंत्रं जुळवली: ज्युपिटर-8 सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे बासगिटारची जागा घेण्यासाठी बनवलेलं छोटं यंत्र. भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेली ती रेकॉर्ड फारशी खपली नाही. 1987 साली शिकागोत टीबी-303च्याच आवाजावर 'ॲसिड हाउस' नावाचं संगीत जन्मलं. 2010 साली चरणजीत सिंग यांची रेकॉर्ड युरोपात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले: हे मुंबईत पाच वर्षं आधीच वाजून गेलं होतं.

टीबी-303मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. या रेकॉर्डमध्ये रागाचा वास येतो त्याला ती घसरण बरीच कारणीभूत आहे. पण तिची गती ठरलेली असते. मिनिमूगमध्ये गती खुंटीने बदलता येते, तरी घसरण सुरू झाली की ती वादकाच्या हातात राहत नाही. मींड अशी नसते. ती वाटेत एखाद्या स्वरावर रेंगाळते, एखाद्याला नुसती शिवून जाते, मुक्कामाच्या अलीकडे थबकते. दरबारीचा आंदोलित गंधार तर यंत्राच्या सारख्या हेलकाव्याने कधीच साधत नाही, कारण प्रत्येक आंदोलनाचा वेग आणि खोली गायक त्या क्षणी ठरवतो. म्हणून दुसरी मागणी: घसरण वादकाच्या बोटाखाली द्या. पट्ट्यांच्या वर एक लांब स्पर्शपट्टी हवी, जिच्यावर बोट जिथे थांबेल तिथे सूर थांबेल. यामाहाने 1977च्या सीएस-80मध्ये अशी स्पर्शपट्टी आणि स्वराच्या प्रत्येक पट्टीला स्वतंत्र दाब दिला होता, पण ते यंत्र सुमारे 100 किलोचं होतं. आज तेच काम मांडीवर मावेल एवढ्या पेटीत होऊ शकतं.

मे महिन्याची दुपार

श्रीरामपूरच्या मांडवात हे यंत्र ठेवायचं तर उन्हाचा विचार आधी करावा लागतो. व्होल्टेजचं सुरात रूपांतर करणारा ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवा असतो. काहीच बंदोबस्त केला नाही तर दर अंशाला त्याचं माप सुमारे एक तृतीयांश टक्क्याने बदलतं. सकाळच्या काकड्याला जुळवलेलं यंत्र दुपारपर्यंत 10 अंशांनी तापलं, तर प्रत्येक सप्तक सुमारे 40 सेंटने आखडेल. तीन सप्तकांवर ही चूक एका स्वराहूनही जास्त होते. चांगले उत्पादक तापमानासोबत बदलणारा रोधक बसवून ही चूक काढतात, किंवा यंत्रात स्वतःला जुळवून घेण्याचं बटण देतात. थंड स्टुडिओत ही सोय ऐषाराम वाटेल. चाळीस अंशांच्या मांडवात तिच्याशिवाय निभत नाही.

विजेचंही तसंच. जनरेटर, लांबलचक वायरी, एकाच बोर्डावर हॅलोजन आणि ॲम्प्लिफायर. दाब खालीवर झाला तरी सूर हलू नये, आणि 50 हर्ट्झचा घरघराट आवाजात शिरू नये. शिवाय धूळ. नाजूक पट्ट्या आणि उघड्या खुंट्या अशा हवेत टिकत नाहीत. सुटे भाग मिळावेत, सर्किटची आकृती उपलब्ध असावी, गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर ते उघडून पुन्हा बंद करू शकेल इतकं ते सरळ असावं.

मागण्यांची यादी

वादकाला जे हवं ते मग असं मांडता येतं. सा ठरवणारी एक मोठी खुंटी, जिच्यावर काळी एक ते काळी पाच आणि पांढऱ्या पट्ट्याही लिहिलेल्या असतील. सा हलला की श्रुतींचं सगळं कोष्टक त्याच्यासोबत हलावं, नाहीतर काळी दोनमध्ये शुद्ध असलेला गंधार पांढरी चारमध्ये बेसूर होईल. प्रत्येक स्वर वेगळा चढवता-उतरवता यावा. कॉर्गने 2017च्या मोनोलॉगमध्ये स्वतःची श्रुतीव्यवस्था बसवण्याची सोय दिली, म्हणजे हे अशक्य राहिलेलं नाही. रागाप्रमाणे बसवलेली श्रुती साठवता यावी, कारण भैरवीनंतर लगेच यमन लागला तर खुंट्या फिरवायला वेळ मिळत नाही.

आवाज तीन पुरेत. दोन तंबोऱ्यासारखे धरून राहणारे, एक गाणारा. धरून राहणाऱ्या आवाजांत जवारी हवी. मिरजेचे कारागीर घोडीवर दोरा सरकवून तारेतला झणत्कार उघडतात. ॲनालॉग फिल्टर हळूहळू उघडत-मिटत स्वरांश पुढेमागे आणतो, त्यामुळे त्या झणत्काराच्या जवळ जाण्याची ताकद त्याच्यात आहे.

ही मागणी परदेशी कारखान्याकडेच करायला हवी असं नाही. बंगळुरूच्या राडेलने 1979 सालीच विजेवर चालणारा तंबोरा बनवून दाखवला, कारण तो बनवणाऱ्या जी. राज नारायण यांना गवयाची गरज आतून ठाऊक होती. श्रुतींची मोजमापं देवलांनी शतकापूर्वी करून ठेवली. सर्किटं आता विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहेत, आणि श्रीरामपूरपासून जवळच लोणीला प्रवरेचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने आधी सप्ताहात पेटीवाल्याशेजारी बसावं, त्याचा डावा हात काय करतो ते पाहावं, गायक पेटीला सोडून कुठे निसटतो ते टिपून घ्यावं. पहिला ऑसिलेटर जोडायचा तो त्यानंतर. मींड घेणारी, श्रुती पाळणारी, उन्हात टिकणारी पेटी ही आपल्या वादकांची रास्त मागणी आहे, आणि ती पुरी करण्यासाठी लागणारं ज्ञान आज एकाच तालुक्याच्या अंतरात सापडतं.