पान्हा, पेचकस आणि पदवी

लातूर म्हटलं की बाहेरच्यांना आधी आठवतो तो 'लातूर पॅटर्न': क्लास, टेस्ट सिरीज, कटऑफ. पण इथल्या डाळमिल, विहिरीवरच्या मोटारी आणि मळणीयंत्रं ज्यांच्या हातांवर चालतात, त्यातल्या कित्येकांनी कॉलेजची पायरी चढलेली नाही. त्यांची विद्या बघा.

लोखंडी स्टेथोस्कोप. मोटार घरघरायला लागली की मिस्त्री लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवतो आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो. मिलचा गोंगाट बाजूला राहतो, कंपनं थेट हाडातून आत जातात. एकसारखी गुणगुण आली तर बेअरिंग ठणठणीत, खरखर आली तर बदला.

बेअरिंगचा पाढा. "६२०५ द्या!" शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणा, शाफ्टची जाडी निघते: २५ मिलिमीटर. ०४ पासून पुढे हाच हिशेब. त्याखालचे १०, १२, १५, १७ मात्र पाठच करावे लागतात, आणि दुकानातल्या पोराला ते पाठ असतात.

उलटी मोटार. थ्री फेज मोटार उलटी फिरली? लाइन बंद करून तीनपैकी कुठल्याही दोन वायरी आपसात बदला. असं का होतं, ते फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या धड्यात आहे. तो धडा शिकवताना वर्गात एक मिस्त्री उभा करावा, असं मला मनापासून वाटतं.

सायकलवाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला गेले, पण रंगांधळेपणामुळे ते सुटलं. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि इंजिनियरिंगची पदवी नसताना व्हीजेटीआयमध्ये शिकवूही लागले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, १९०३ मध्ये लोखंडी नांगर! लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत; पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. त्याच १९०३ मध्ये अमेरिकेत राइट बंधूंचं विमान उडालं. त्यांचंही दुकान सायकलचंच, आणि हायस्कूलचा डिप्लोमा दोघांकडेही नव्हता. विमानाचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत घडवलं.

तिसरी सायकल आपल्या शेजारच्या खानदेशातली. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी सायकलचं चाक आणि हँडल घेऊन मागे कोळप्याची पास जोडली. बैलजोडी परवडत नाही त्याला हे सायकल कोळपं म्हणजे केवढा आधार! सोयाबीनच्या दोन ओळींतून एकटा माणूस ते ढकलत नेतो.

सात की सहा? इंजिनियर व्हायची नेहमीची वाट: अकरावी-बारावी दोन वर्षं, पदवी चार; एकूण सहा. आता दुसरी वाट: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, मग पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी दोन, तिथून पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तीन. एकूण सात. फक्त एक वर्ष जास्त, आणि पदवी मिळेपर्यंत हात लेथवर बसलेला. लातूरच्या क्लासेसच्या होर्डिंगवर ही वाट मला अजून दिसलेली नाही.