माळावरचा ठिपकेदार मुंगीसिंह

सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघालो की जो माळ लागतो, त्याला आपण सहज 'पडीक' म्हणतो. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहिले की आमच्यासारख्या कारकुनाचेही समाधान होते. पण त्या मातीखाली कोण राहते, याची नोंद कोणत्या तलाठ्याने करावी?

मुंगीसिंह आपल्या पोरांना ठाऊक आहे. ओसरीखालच्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी दबा धरतो तो. घसरलेली मुंगी चिमट्यासारख्या जबड्यांत पकडतो आणि रस शोषून कलेवर बाहेर भिरकावतो. माळावर मात्र त्याचे मोठे भाऊबंद असतात. ते खड्डा करीत नाहीत. अळी मातीत नुसती बुडून राहते आणि वरून जाणारा किडा झडप घालून धरते.

अशांपैकीच एक म्हणजे 'इंडोपॅल्पारेस पार्डस'. रॅम्बूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1842 मध्ये त्याचे वर्णन केले. पार्डस म्हणजे बिबट्या. पंखांवरचे गडद डाग पाहिले की नाव पटते. पहिल्यांदा पाहणारा त्याला चतुर समजतो, पण चतुराच्या मिशा नुसत्या केसाएवढ्या असतात. याच्या मिशा चांगल्या लांब आणि टोकाला जाड. उडतोही जड, फडफडत. दोन पावलांपुढच्या काडीवर बसला की वाळल्या गवतात दिसेनासा होतो.

अळीचा जमाखर्च तर आम्हाला फारच आवडला. तिला गुदद्वारच नसते! खाल्लेल्याचा उरलासुरला मळ आतच साठतो. कोषातून पंख घेऊन बाहेर आल्यावर तो एकदाच टाकला जातो. मुंगीसिंहांच्या काही जातींत अळीपणाचा हा काळ दोन-तीन वर्षांचा असतो.

एवढी वर्षे ती माती जागेवर राहिली पाहिजे. मुरमाचा ट्रक भरला, नांगर फिरला किंवा वृक्षारोपणासाठी चर खणले, की अळीचे घर गेले. झाडे लावणे चांगलेच, पण गवताच्या माळावर नव्हे. माळढोकासाठी 1979 मध्ये येथे अभयारण्य झाले. त्याचे 8,496 चौरस किलोमीटर क्षेत्र 2012 मध्ये सुमारे 1,222 वर आणले गेले. कागदावरच्या त्या मोठ्या क्षेत्रात गावे, शेते, रस्ते सगळेच होते, त्यामुळे लोकांची अडचण खरी होती. तरी पक्ष्याच्या नावाने थोडा माळ राखला गेला, त्यात या किड्यांचाही निभाव लागतो. कुंपणाबाहेरच्या माळाला मात्र मेंढपाळाखेरीज कोणी वाली नाही.